शिंप्याचा पहिला शब्द

आदरणीय आक्का,

वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तितकाच). गुडघे काय म्हणतायत? इकडे सगळे मजेत, मी सोडून.

झालं असं, की आपल्या जुन्या रुग्णालयातल्या विद्यार्थ्यांच्या अंकासाठी एक केस स्टडी लिहून द्यायचं मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं. पक्षाघातानं वाचा गेलेला, मी पुन्हा बोलायला शिकवलेला तो शिंपी आठवतो ना? त्याच्यावर सहा पानं लिहिली. संपादकबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "मॅडम, यात कुणी बोलतच नाही. संवाद घाला." आता ज्याची वाचाच गेली त्याचे संवाद कुठून आणू? (हे मनात. तोंडानं "हो, हो" म्हणाले.) घातले बाई. तर शिंपी म्हणतो, "आपल्या अथक प्रयत्नांमुळेच मला वाणी पुन्हा प्राप्त झाली!" ह्यांनी वाचून विचारलं, "हा शिंपी आहे की प्रमुख पाहुणा?"

शेवटी पत्ता काढून त्याचं घर गाठलं. तो गेला हो, दोन वर्षं झाली. बायकोनं खुर्चीवरचे बिनकाजाचे शर्ट उचलून मला बसवलं. मी त्या वेळची नोंदवही उघडून म्हटलं, "त्यांचा पहिला शब्द 'पाणी' होता, बरोबर?" ती हसतच सुटली.

"पाणी कुठलं! तीन महिने तुम्ही 'म्हणा पा, म्हणा पा' करून त्यांचं डोकं उठवलं होतं. ते म्हणाले, 'पुरे!' आणि तुम्ही अख्खा पेला पाजलात की त्यांना!"

मी चाटच पडले. चौदा वर्षं ती वही मी विद्यार्थ्यांना अभिमानानं दाखवत होते! मग ती म्हणाली, "पण बाई, तुमच्यामुळे पुढची बारा वर्षं मला त्यांच्याशी भांडता आलं."

बसमध्ये मला तळमजल्यावरची आपली ती खोली दिसत राहिली. तडा गेलेला आरसा, त्यासमोर तोंडं वेडीवाकडी करणारे आम्ही दोघं, आणि दारातून "चहाचं सरबत झालं!" म्हणून ओरडणाऱ्या तुम्ही. घरी येऊन प्रमुख पाहुण्याला हाकललं आणि तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले.

तुमची,
बडबडी

ता. क. तो बोलला तेव्हा मी काय म्हणाले, ते काही केल्या आठवत नाही. तुम्ही दारात होतात. संपादकबाईंना ते हवंय. फोन करून सांगाल?

आणखी एक ता. क. खोटं कशाला बोलू, केस स्टडी मंगळवारीच छापायला गेली. आठवत नसलं तरी फोन करा. त्या खोलीतलं बोलायला आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.