अकरा जोड्या

१८ ऑगस्ट २०२४
अकरा! पूर्ण अकरा जोड्या! परागकण बनताना गुणसूत्रं जोडीने उभी राहतात. दूरच्या जातींचा संकर असेल तर त्यांचं जमत नाही, काही एकटीच भटकतात. माझ्या रोपात एकही एकटं नाही. म्हणजे जामखेडचा आमचा घरचा मूग आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातला रानमूग अगदी सख्खे! आणि हा संकर मी केलाय — मी, निकिताने! शामकांत सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, "सुंदर" म्हणाले. सर असं कधी म्हणत नाहीत.

१९ ऑगस्ट
आईला फोन. सगळं ऐकून घेतलं आणि विचारते, "मंग त्येचं वरन चांगलं व्हईल का?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला मात्र कळवून मोकळी.

२२ ऑगस्ट
शनिवारच्या सेमिनारमध्ये पहिलं भाषण माझं! संकराच्या बियांतून दोनच रोपं उगवली होती. एक हे जोमदार. दुसरं पिवळं, खुरटं — दाराजवळ ठेवून दिलंय. शेजारच्या टेबलावरची मैत्रेयी आज म्हणाली, "रानमुगाची लव कुठे गेली गं तुझ्या रोपावरची?" जळते मेली! तिच्या चवळीला अजून एकही शेंग नाही. मी आपली भाषण लिहीत बसले.

२३ ऑगस्ट
सकाळी गेल्या गेल्या जोमदार रोपाचं पान चोळून पाहिलं. गुळगुळीत. रानमुगाची लव संकरात उतरतेच. इथे उतरली नाही, कारण संकर झालाच नाही! मुगाची कळी उमलायच्या आधीच आतल्या आत पराग सांडतात. मी कळीतले पुंकेसर काढले तोवर उशीर झाला असणार. घरच्या मुगाने स्वतःचंच बी धरलं. मग जोड्या अकरा भरणारच — कुठल्याही मुगात भरतात.

सरांकडे गेले, सरळ सांगून टाकलं. रडले नाही. भाषण रद्द. सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "डोंगरातून शेतात येईपर्यंत मुगाने काहीच बदललं नसेल, असं कसं होईल?" आता आईला काय सांगू, अन् आळीला काय!

बाहेर पडताना दाराजवळच्या त्या खुरट्या रोपाला हात लागला. देठभर लव!

३० ऑगस्ट
खुरट्याला कळ्या आल्या. एकीची स्लाइड केली, पाहिली. पण या वेळी ओरडले नाही. मैत्रेयीला बोलावलं, म्हटलं, तू मोज. घरच्या मुगात अकराच जोड्या, हे तिलाही पाठ आहे. तिने दोनदा मोजलं.

"नऊ जोड्या," ती म्हणाली. "आणि उरलेल्या चार गुणसूत्रांचं मिळून एक कडं. निकिता, हाच खरा संकर — शेतात येता येता यांनी आपापसांत तुकडे बदललेत गं."