बहिऱ्याची सुनावणी

१० जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो हो करतो, त्यापेक्षा हे बरं. पत्राला कान लागत नाहीत.

तुझ्या आईच्या घशाचा निकाल आला. गाठ वाईट आहे. डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. चार मार्चला ऑपरेशन. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी जाऊन कानाचं मशीन घेऊन आलो. छापखान्याने माझे कान खाल्ले त्याला वीस वर्षं झाली. इतके दिवस तिचे ओठ वाचून भागवलं, पण तिचा आवाज जायच्या आत एकदा तो नीट ऐकायचा आहे.

घरी येऊन खोका बघतो तर छापील किमतीवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. उजेडात धरला तर खालची किंमत बरोबर निम्मी! जन्मभर छपाई केलेल्या माणसाला असं फसवतो म्हणजे काय! दुकानदाराकडे गेलो, तर त्याने हातानेच मला हाकललं. तेवढं मात्र कानाशिवाय कळलं. तसाच तडक ग्राहक मंचात जाऊन तक्रार दिली. तिथल्या कारकुनाने खोक्याकडे बोट दाखवून बरंच काही समजावलं. तो पुरावा आहे, जपून ठेवा, मशीन वापरू नका, असं म्हणाला. मी मान डोलावली. सुनावणी पंधरा फेब्रुवारीला आहे. बहिऱ्याची कसली सुनावणी, म्हणून तुझी आई सकाळपासून हसते आहे.

प्रकृतीने ठणठणीत आणि डोक्याने तापलेला,
बाबा

ता. क. : ठकू, चाळीस वर्षं यांनी माझं काही ऐकलं नाही, आता मशीन येऊन काय दिवे लावणार! पण तो बंद खोका रोज कपाटातून काढून बघतात गं. मला फार वाईट वाटतं. — आई


२८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बँकेत काउंटरवर वाचलं आणि तिथेच रडले. समोरच्या आजोबांना वाटलं, त्यांचे पैसे बुडाले.

बाबा, आजच्या आज मशीन कानात घाला. पैसे गेले खड्ड्यात. चिठ्ठी खोक्यावर आहे, मशीनच्या पोटात नाही. कारकुनाला पुन्हा एकदा नीट विचारा, हवं तर लिहून मागा. मोडेन पण वाकणार नाही हा तुमचा बाणा मला ठाऊक आहे, पण तो दुकानदारापुढे दाखवा, आईच्या आवाजापुढे नको.

मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचते. आगाऊपणाने लिहिलं असेल तर रागवा, पण पत्राने रागवा.

तुमचीच,
ठकू


१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

काल मंचात दिवसभर बाकावर बसून होतो. संध्याकाळी शिपाई दिवे घालवायला लागला तेव्हा चौकशी केली. माझ्या नावाचा पुकारा दुपारीच होऊन गेला होता. तक्रारदार गैरहजर, अशी नोंद करून पुढची तारीख दिली, वीस मार्च. मी शिपायापासून चार हातांवर होतो गं.

कारकुनाला पुन्हा विचारा म्हणतेस. दोनदा विचारलं की लोक ओरडायला लागतात आणि सगळी रांग वळून बघते. बहिरा माणूस उगीच मान डोलावत नाही, बाळ. मशीन वापरलं तर तो दुकानदार सुटेल आणि उद्या दुसऱ्या बहिऱ्याला असंच लुबाडेल. तरी काल रात्री खोका फोडायला घेतला होता. तुझ्या आईनेच हात धरला. माझ्या घोगऱ्या आवाजापायी हातातली केस घालवू नका, म्हणाली. डॉक्टरांना थांबता येईल का विचारलं. थांबता येत नाही.

तू ये लवकर. घर खायला उठतं.

बाबा


१२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आईची जखम कोरडी आहे ना? पाटीवर काय काय लिहिते? तुमच्या चहाला नावं ठेवत असेल तर ती बरी होतेय असं समजा.

एक विचारू? तिला आत नेताना ती तुमच्याशी काहीतरी बोलली आणि तुम्ही मान डोलावलीत. मी दाराशी होते, मला ऐकू आलं नाही. काय म्हणाली?

दोघं एकमेकांना जपा. माझा जीव तिथेच आहे.

तुमचीच,
ठकू


२१ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आपण जिंकलो. दुकानदाराने जास्तीचे पैसे परत करायचे, वर भरपाई द्यायची आणि दुकानातल्या सगळ्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या काढायच्या, असा निकाल झाला. यावेळी शिपायाने खांद्याला हात लावून मला आत नेलं.

मंचाच्या अध्यक्ष बाई भल्या आहेत. बंद खोका बघून त्यांनी कागदावर लिहून विचारलं की इतके दिवस मशीन वापरलं का नाही. मी कारकुनाकडे बोट दाखवलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने त्याच कागदावर खाली लिहिलं : मी म्हणालो होतो, खोका जपा, मशीन वापरा की.

वापरा की. त्याच्या ओठांवर मला 'वापरू नका' दिसलं होतं. त्याची काही चूक नाही, ठकू. मान मी डोलावली होती. हे तुझ्या आईला कधीही सांगू नकोस.

तिथेच मशीन कानात घातलं. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज ऐकून दचकलो. घरी आलो तर आतून वाटीवर चमचा वाजत होता. तुझी आई आता तशीच हाक मारते. रोज ती वाजवून वाजवून थकते आणि शेवटी उठून येते. काल पहिल्याच हाकेला मी ओ दिली. ती दारात येऊन बघत राहिली, मग कानातलं मशीन बघून खूप हसली. सगळं अंग हलत होतं, आवाज नव्हता. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हे. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. नळाचा आवाज केवढा मोठा असतो गं.

आत नेताना ती काय म्हणाली, ते मलाही माहीत नव्हतं. काल विचारलं. तिने पाटीवर लिहिलं, दूध झाकून ठेवा म्हटलं होतं. ठेवलं नव्हतं. मांजराने सांडलं.

आता माझं एक काम कर. तिचा तरुणपणचा आवाज माझ्याकडे आहे, रोज आठवतो. म्हातारपणचा नाही. तो तू ऐकला आहेस. कसा झाला होता, कुठे कापायचा, मला हाक मारताना चढायचा की उतरायचा, सगळं मला लिहून पाठव.

लोभ असू दे म्हणत नाही, तो आहेच. पत्र मात्र लांब असू दे.

बाबा