घोड्याची झूल

चिमणे,

शिवलेले कपडे गिऱ्हाईकाला द्यायला चालले आहे. भात-आमटी झाकून ठेवलीय, गरम करून जेव.

तुझा तो गेमचा डबा पुसताना रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि टीव्हीवर अख्खं जंगल उभं राहिलं गं! पानन् पान हलत होतं. घोड्यावरच्या त्या बाईच्या कोटाचा घेर वाऱ्याने असा फुलत होता, की शिवणाऱ्याचे हात बघावेसे वाटले. मला एवढ्या वर्षांत तसा घेर साधला नाही. हातात फडकं धरून मी आपली आ वासून उभी!

मग बर्फ पडायला लागलं. घोडा पांढराफटक झाला आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघायला लागला. बटणं चाचपडत कशीबशी तिथल्या बाजारात पोचले आणि त्याला जाड झूल घेतली. तू गेममध्ये जमवलेली सोन्याची नाणी सगळी संपली. ओरडू नकोस.

गेल्या महिन्यात तू हा डबा घरी आणलास, तेव्हा मी आधी किंमत विचारली आणि तेव्हापासून तुझ्याशी धड बोलले नाही.

आज झूल घेताना मी किंमत विचारलीच नाही.

आई