अहवालात तुझा वाटा

प्रिय ठमे,

ओळी वर-खाली गेल्या असतील तर समजून घे. जाड पेनाने, पट्टी धरून लिहितोय. गेल्या वर्षी प्रुफं तपासताना मजकुराच्या ओळी मधेच वाकायला लागल्या. मी छपाईवाल्यावर डाफरलो, "कागद सरळ लावता येत नाही?" तो बिचारा म्हणाला, "काका, सरळच आहे." तुझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी ती मला, पोटच्या पोराला, आवाजावरून ओळखायची.

वयामुळे डोळ्यातला पडदा झिजतोय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दर महिन्याला उजव्या डोळ्यात इंजेक्शन. सुई जवळ येताना दिसते गं, आणि डोळा मिटता येत नाही. पाच झाली, गुण काही येईना. कुणाला कुठलं औषध लागू पडेल, हे जनुकांवरून आधी ओळखता येतं का, याचा अभ्यास त्यांच्याकडे चालू आहे. माझंही रक्त पाठवलं. अहवाल पाहून त्यांनी औषध बदललं. दोन इंजेक्शनांनंतर ओळी जरा ताठ झाल्यात. हे औषधामुळेच, असं त्या छातीठोकपणे सांगत नाहीत. फोनवर तुला "सगळं ठीक" म्हणालो, ते एवढ्यापुरतं खरं.

पण औषध बदललं त्याच दिवशी त्यांनी सहज विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, "एकच मुलगी." मग त्यांनी अहवाल पुढे ओढून समजावलं. जनुकातला हा दोष मला आई-वडील दोघांकडून आलाय, म्हणजे त्यातला एक वाटा तुझ्याकडे गेलेलाच आहे. तेवढ्याने आजार होतोच असं नाही. पण सिगारेट ओढणाऱ्याला धोका बराच वाढतो.

तुझी आई गेली त्या वर्षी आपण दोघं गॅलरीत गप्प बसायचो. एकदा मीच सिगारेटचं पाकीट तुझ्यापुढे धरलं. तू वीस वर्षांची होतीस आणि मला सोबत हवी होती. पुढे मी सोडली, तुझी राहिली. हे सांगायला फोन लावतो, तर पलीकडे लायटरचा आवाज येतो आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. म्हणून हे पत्र. आजची सिगारेट ओढू नकोस. डोळे तपासून घे. माझ्यावर खुशाल रागाव, पण हे ऐक. मी फार घाबरलोय गं.

तुझाच,
बाबा