पाठीतलं पाणी

वासणा, बडोदे

अनीश,

मेंदूतलं एक एन्झाइम एका प्रथिनाला चुकीच्या जागी कापतं, चिकट तुकडे साचतात आणि माणूस विसरू लागतो, हे तू फोनवर तीनदा समजावलंस. कॉन्व्हेंटमध्ये शिकून तिथेच मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. एकदा सांगितलं असतंस तरी पुरलं असतं. तुझ्या संशोधनात ते तुकडे मोजायला तुला काकांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी हवं होतं. वर बजावलंस, "काकू, काका हो म्हणाले तरच हं!"

काका वर्षभर सगळ्यालाच हो म्हणतात. जेवलात? हो. मी कोण, तुमची आई? हो. काल मात्र सुई बघून स्पष्ट म्हणाले, "नीरा, नको."

डॉक्टरीणबाई थांबल्या. "मासी, काका ना पाडे छे."

"ते सगळ्यालाच नको म्हणतात. तुम्ही सुरू करा," मी म्हणाले आणि काकांचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

हे कळलं तर तू तो नमुना फेकून देशील. तेवढा प्रामाणिक आहेस, मेल्या. मग त्यांनी ते उगाच सोसलं असं होईल. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली, तीही मला थांबवायला.

तुझ्यावर आणि स्वतःवर चिडलेली,
नीराकाकू