चिमणीच्या स्वेटरची दुसरी बाही

सूनबाई,

डोळ्यांच्या दवाखान्यात जातेय. शेजारीण सोबत आहे. अकराला ऑपरेशन. तुझ्या नवऱ्याला मुद्दामच सांगितलं नाही, उगाच घर डोक्यावर घेईल. उजवा डोळा तर कधीच गेला, आज डाव्याला हात लावणार आहेत. डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही.

चिमणीचा स्वेटर खिडकीतल्या टोपलीत आहे. खांदे दोन बोटं मोठेच ठेवलेत, पोर झपाट्याने वाढतेय. एक बाही राहिलीय.

आणि ऐक. महिनाभर विणताना माझे टाके सुटतायत आणि सकाळी चाचपावं तर सगळे जागच्या जागी! मी काय खुळी आहे? माझा हात सैल, तुझा घट्ट. बोट फिरवलं की कळतं, कुठे तू गुपचूप टाका उचललास ते. बोलले नाही, कारण मग नीट दिसत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

राहिलेली बाही तू विण. माझ्यासारखी सैल विणायला जाऊ नकोस, तुझ्याच हाताने घट्ट विण. उद्या पट्टी सुटेल. दिसलं नाही, तरी हात फिरवून मला कळलं पाहिजे, एक बाही माझी आहे आणि एक तुझी.

आज चारला न्यायला तूच ये.

सासू