ताईच्या प्रकृतीसाठी

दि. ४ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. आणि पाठीत एक प्रेमाचा धपाटा.

परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यातून परतून तीन आठवडे झाले. दादानं मला चर्चच्या वरची खोली दिली आहे. खोली कसली, प्रदर्शन! भिंतीवर तिकडचा नकाशा, माझा नर्सच्या टोपीतला भलामोठा फोटो, आणि खाली पलंगावर मी स्वतः. उपासना संपली की मंडळी जिना चढून मला बघायला येतात. काल एका बाईंनी मला माझाच फोटो दाखवून मी किती वाळले ते सांगितलं. वहिनी तर कपसुद्धा विसळू देत नाही.

आता कामाचं. माझ्या जागी तू जाणार, असं पाळकसाहेबांनी, म्हणजे आपल्या दादानं, जाहीर केलंय. अरे, जागा रिकामी नाही! तिथल्या ज्या मुलींना मी इंजेक्शनची सुई धरायला शिकवलं, त्याच एक दिवस समोर बसल्या आणि मायेनं म्हणाल्या, की आता दवाखाना आम्ही चालवू, तुमच्यामागं कोणाला पाठवू नका. मी रडले, मग पोटभर हसले. याचसाठी तर गेले होते! दादा म्हणतो, तुझा निरोप समारंभ होईपर्यंत गप्प बस, मंडळीचा उत्साह मावळेल. तू नोकरी सोडू नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी ताई

दि. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पण उशिरा.

राजीनामा देऊन झाला. कारखान्यात माझ्या लेथवर दुसरा माणूस उभाही राहिला. वर्षभर मला संतमहाराज म्हणून छळणारा फोरमन शेवटच्या दिवशी ढसाढसा रडला. आता कोणत्या तोंडानं मागं फिरू? आणि दोन हात जास्त झाले तर तिकडे कोणाचं काय बिघडतं? तू बारा वर्षं जग पाहिलंस. मी तेवढीच वर्षं एक लेथ पाहिला. पाया पडतो, बोलू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा ठोंब्या

दि. २० जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

बिघडतं रे! दवाखान्याचा पंप तिथलाच एक माणूस दुरुस्त करतो. तू गेलास की त्याच्या हातातला पाना काढून आदरानं तुझ्या हातात देतील. सेवेला जायचं आणि दुसऱ्याची जागा बळकवायची, ही कसली सुवार्ता? ज्या प्रेमाला आपली गरज संपलेली सोसवत नाही, ते प्रेम नव्हेच; ती मालकी आहे! तू इथे चार महिने लाजशील. तो तिथे जन्मभर बाजूला उभा राहील.

रविवारी हेच मी व्यासपीठावरून बोलले. मग दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून मंडळीला म्हणाला, की तिकडच्या तापानं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेव्हापासून डॉक्टर रोज नाडी बघतात. मला विश्रांती मिळावी म्हणून दाराला बाहेरून कडी. आता मी जे बोलेन ते तापात जमा! हे पत्र वहिनी गुपचूप टाकेल. मी ठणठणीत आहे हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? समारंभाला येशील तेव्हा सांग. तुझं दादा ऐकेल.

वाट बघते.
ताई

दि. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समारंभ आत्ताच आटोपला. दादानं शेवटची प्रार्थना मला करायला सांगितली, तुझ्या प्रकृतीसाठी. सगळं सांगायचं ठरवूनच उभा राहिलो होतो, देवाशपथ. समोर फोरमन बसला होता, रजा काढून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी डोळे मिटले आणि तू लवकर बरी व्हावीस म्हणून देवाची करुणा भाकली. लोक रडले. सगळ्यांत मोठ्यानं आमेन दादा म्हणाला.

सकाळी निघायचं आहे. हे तुझ्या दारापाशी, वरच्या पायरीवर बसून लिहितो आहे. फटीतून आत सरकवीन. तू येरझाऱ्या घालते आहेस, ऐकू येतं. कडी माझ्या बाजूला आहे.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. आज मागवत नाही.
ठोंब्या